पापड लाटून गाठलेलं नाशिक

हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण पैसे देता येणार नाहीत असं सांगितलं. मे महिन्यात नाशिकला मुलींचे खो-खोचे सामने भरणार होते आणि आमच्या डोंबिवलीच्या शाळेला बोलावणं आलं होतं. मुलांच्या क्रिकेटसाठी नुकतीच काथ्याची मॅटिंग आणली होती, त्यात खेळाचे सगळे पैसे संपले होते. हेडमास्तर भला माणूस. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. मुलींनी जावं असं मला वाटतं, पण कसं जायचं ते तुम्ही बघा, असं ते आमच्या बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, "बघते."

बाई शिवण शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर आमचा खो-खो घ्यायच्या. तिशीच्या असतील. लग्न झालेलं नव्हतं. भाऊ-भावजयीबरोबर विहिरीजवळच्या दोन खोल्यांत राहायच्या. स्वतः लहानपणी पुण्यात खेळलेल्या होत्या, त्यामुळे पळताना आमचा पाय कुठे चुकतो ते त्यांना मागून पाहूनही कळायचं. मी नववीत होते आणि संघाची कप्तान होते. आम्ही एकूण बाराजणी. नऊ खेळणाऱ्या आणि तीन राखीव.

बाईंनी आम्हाला शिवणाच्या वर्गात बसवलं आणि सांगितलं की आपण पैसे गावातून उभे करायचे. त्यांनी एक पावतीपुस्तक आणलं होतं. त्यावर पहिली पावती त्यांनी स्वतःच्या नावाने फाडली. मला ते फार धाडसाचं वाटलं, पण घरी हे कसं सांगायचं ते मला कळेना.

वडील मुंबईला सरकारी कचेरीत कारकून होते. आम्ही पाच भावंडं, तरी त्यांनी कधी कुणाकडून उसनी साखरही आणू दिली नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं, वर्तमानपत्राची घडी केली आणि आपल्या घरातली मुलगी दारोदार हात पसरणार नाही, असं शांतपणे सांगितलं. ते ओरडले असते तर मी वाद घातला असता. शांतपणे बोलले की पुढे काही बोलता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं की मी कप्तान राहू शकत नाही. बाई त्याच संध्याकाळी घरी आल्या. आईने चहा टाकला. बाई आधी वडिलांच्या कचेरीबद्दल, माझ्या भावाच्या टायफॉइडबद्दल बोलल्या. मग वडीलच म्हणाले, "बाई, मागण्याची सवय वाईट. एकदा लागली की सुटत नाही."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून मी मुलींना मागायला एकटं पाठवणार नाही, शिकवून पाठवणार आहे. कुणाकडे मागायचं, कुणाकडे मागायचं नाही, आणि नाही म्हटलं तर हसत कसं परत यायचं. हे आपल्याला घरी शिकवता येत नाही."

वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. मग एवढंच म्हणाले, की बघा, पण माझ्या नावाची ओळख कुठे सांगायची नाही. ही त्यांची हो म्हणायची तऱ्हा होती.

पहिल्या रविवारी बाईंना ताप आला आणि आम्ही चौघी आमच्या आमच्याच निघालो. मला वाटत होतं, यात शिकण्यासारखं काय आहे. पहिलंच घर म्हणजे एक कौलारू बंगली होती. ओट्यावर एक गृहस्थ बसले होते. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं: डोंबिवलीचं नाव, मुलींचा संघ, नाशिक. माझा आवाज मोठा होता. आतून एक बाई आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळांनो, नंतर या." आम्ही रस्त्यावर आलो आणि त्यांच्या चिक्कूपणाबद्दल बोलत पुढे गेलो.

सोमवारी हे बाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं, दारात रांगोळी होती का? आम्हाला आठवेना. ओट्यावरच्या गृहस्थांच्या डोक्यावर केस होते का? तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते डोकं आलं. नुकतंच भादरलेलं, पांढरं. त्या घरात आठ-दहा दिवसांपूर्वी आजी गेल्या होत्या. मी त्या गृहस्थांच्या समोर उभी राहून नाशिकच्या सामन्याबद्दल ओरडत होते.

संध्याकाळी बाई अजून अशक्त होत्या, तरी आम्हा चौघींना घेऊन त्या घरी गेल्या. पावतीपुस्तक न्यायचं नाही, असं आधीच बजावलं होतं. मी म्हटलं, "आमचं चुकलं. आम्ही पाहिलं नाही." त्या बाईंनी आम्हाला आत बसवलं आणि आपल्या सासूबाईंबद्दल सांगत राहिल्या. त्या तरुणपणी नदीत पोहायच्या, झाडावर चढायच्या. निघताना त्यांनी एक रुपया पुढे केला. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आज नको." महिनाभराने त्या स्वतः शाळेत आल्या आणि सासूबाईंच्या नावाने पावती फाडून घेऊन गेल्या.

तेव्हापासून आम्ही दारात उभं राहण्याआधी घर पाहायला शिकलो. जेवणाच्या वेळी जायचं नाही. पहिल्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात नोकरदारांच्या घरी जायचं नाही. शेजारणीने किती दिले ते सांगायचं नाही, विचारलं तरी. दोन आणे देणाऱ्यालाही पावती आणि दोन रुपये देणाऱ्यालाही तीच पावती, आणि दोघांनाही सारखाच नमस्कार. एकदा आमच्यातली एक मुलगी चार आणे पाहून थोडी हिरमुसली, तेव्हा बाईंनी तिला सबंध आठवडा पावत्या लिहायला दिल्या, म्हणजे प्रत्येक नाव तिच्याच हातून जाईल.

पण नुसत्या वर्गणीने नाशिक गाठता येणार नाही हे लवकरच कळलं. डोंबिवली तेव्हा लहान होती, आणि बहुतेक घरं आमच्यासारखीच. मोजक्या पगाराची. कल्पना निघाली ती माझ्या आईकडून. परीक्षा संपल्या होत्या, उन्हं तापली होती, घरोघर पापडांचे दिवस सुरू झाले होते. उडदाचं पीठ भिजवलं की ते बत्त्याने कुटावं लागतं, आणि ते कुटताना भल्याभल्या बायकांचे खांदे भरून येतात. आई म्हणाली, "तुमच्या बारा पोरींच्या दंडात एवढा जोर आहे, तर तो नुसता मैदानात का घालवता?"

मग आम्ही कामाला जाऊ लागलो. सकाळी सहाला मैदान, आठ वाजता कुणाच्या तरी अंगणात. तिघीतिघी आळीपाळीने पीठ कुटायचो, बाकीच्या लाटायच्या. शेकड्यामागे पैसे ठरलेले होते आणि ते घरच्या बाईने स्वतःहून दिल्याशिवाय मागायचे नाहीत. सुरुवातीला आमचे पापड नकाशासारखे व्हायचे. पण आठवड्याभरात हात बसले. तिसऱ्या आठवड्यात तर आम्हाला एक दिवस आधी सांगून ठेवावं लागायचं.

या अंगणांत आणखी एक गोष्ट घडली, तिचा आम्ही विचारही केला नव्हता. मुली अर्ध्या विजारीत खेळणार यावरून गावात कुजबुज होती. परकर खोचून खेळलं की पाय अडकतो, म्हणून बाईंनी निळ्या विजारी आणि पांढरे सदरे शिवायचं ठरवलं होतं. त्याच बायका, ज्या आपसात नाक मुरडायच्या, त्या आता आमच्या समोर पोळपाट घेऊन बसायच्या. चार तास एकत्र पापड लाटल्यावर माणूस माणसाला विचारतो. एकीने विचारलं, खो म्हणजे नेमकं काय गं? आम्ही लाटणी जमिनीवर मांडून दाखवलं. या बसलेल्या, तोंडं उलटसुलट. ही पळणारी. ही मागे लागलेली, हिने पाठीवर हात मारून खो म्हटलं की बसलेली उठून पळणारीच्या मागे लागणार. ती म्हणाली, "मग यात लुगडं कसं चालेल?" आणि विषय संपला.

आमच्या संघात सगळ्यात चपळ मुलगी जवळच्या आगऱ्यांच्या गावातली होती. वडील मिठागरावर, आई भाजीची टोपली घेऊन बाजारात. ती रोज बांधावरून तीन मैल चालत शाळेत यायची. मैदानात तिला पकडणं म्हणजे पाण्यातला मासा हाताने धरण्यासारखं होतं. वर्गणीची गोष्ट निघाली की ती गप्प व्हायची. एक दिवस तिने बाईंना एकट्यात गाठून सांगितलं, "बाई, आमच्या गावात पैका नाय कुनाकडं. मी कोनाकडं मागू?" बाई म्हणाल्या, मागू नकोस, नुसतं सांग की आपण नाशिकला चाललोय.

त्या रविवारी ती आली ती एकटी नाही. तिच्याबरोबर गावातल्या पाच बायका होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं होतं. घरटी एक पायली, अर्धी पायली, कुणाचे ओंजळभर. कुणाचे किती ते वेगळं ठेवलंच नव्हतं. आमच्यातली एक म्हणाली, हे विकून टाकू या. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्या बायकांना म्हणाल्या की मुली तुमचाच भात खाऊन खेळतील. पावत्याही फाडल्या. "तांदूळ" असं लिहून, प्रत्येक घराच्या नावाने. त्यातल्या एका बाईने ती पावती घडी करून चोळीत ठेवली.

याच सुमारास कल्याणहून निरोप आला. खाडीजवळ लाकडाची मोठी वखार असलेले एक शेठ होते. त्यांची पुतणी आमच्या शाळेत होती आणि आमच्या बाराजणींत राखीव खेळाडू होती. शेठनी भेटायला बोलावलं. बाई मला आणि आणखी एकीला घेऊन गेल्या. वखारीत सागाचा वास भरून राहिला होता. शेठनी आम्हाला खुर्च्या दिल्या, वाळ्याचं सरबत दिलं, खूप चौकशी केली. मग म्हणाले, येण्याजाण्याचं भाडं, राहणं, कपडे, सगळं मी करतो. तुम्ही लोकांच्या घरी पापड लाटत फिरता हे मला बरं वाटत नाही.

 एवढ्या लवकर आमची सगळी काळजी मिटली असं मला वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "फक्त आमची मुलगी नवात असू द्या. ती गावाकडची मुलगी आहे ना, ती नाही आली तरी तिच्या घरच्यांना काही वाटायचं नाही. त्यांचं त्यात काही गेलेलंही नाही."

मला त्या गाठोड्यांची आठवण झाली आणि कान तापले. बाईंनी सरबताचा पेला संपवला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, "आपली पुतणी गुणी आहे. खूप मेहनत करते. पुढच्या वर्षी ती तिची जागा स्वतः मिळवेल आणि ते पाहायला आपण याल. ते सुख मी तिच्याकडून काढून घेणार नाही."

शेठ म्हणाले, विचार करा, घाई नाही. बाईंनी सरबताबद्दल आभार मानले, नमस्कार केला आणि आम्ही निघालो. स्टेशनकडे चालताना मला रडू येत होतं. रागाचंही आणि पैसे गेले त्याचंही. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांनी देऊ केलं आणि आपण घेतलं नाही, यात त्यांचा अपमान नाही, म्हणून त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. दुसरं, हे कुणालाही कळता कामा नये, आणि त्यांच्या पुतणीला तर कधीच नाही. ती आमच्याबरोबर रोज पहाटे यायची, तिच्या तळहातांना बत्त्याने फोड आले होते. तिच्या काकांच्या बोलण्याचं ओझं तिने का वाहावं?

आम्ही दोघींनी ते पाळलं. ती मुलगी पुढच्याच वर्षी नवात आली, आपल्या पायांवर, आणि आजतागायत तिला हे ठाऊक नाही. आयुष्यात मी गुपितं फार ठेवली नाहीत, पण हे ठेवलं याचा मला अभिमान आहे.

आता पैसे कमी पडत होते आणि दिवस थोडे उरले होते. बाईंनी शेवटचा उपाय काढला: तिकीट लावून सामना, आणि तोही आमच्या शाळेतल्या मुलांच्या संघाशी. हेडमास्तरांनी दोन दिवस विचार केला. मुलांनी मात्र लगेच होकार दिला, कारण ते जिंकणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. कापणी झालेलं एक भाताचं खाचर मालकाने दिलं. आम्ही त्यातली धसकटं खुरप्याने काढली, ढेकळं फोडली, दोन टोकांना दोन खांब रोवले. तिकीट एक आणा. पापडवाल्या सगळ्या घरांना निमंत्रण दिलं होतं, आणि निळ्या विजारीत आम्ही पहिल्यांदा गावासमोर उभ्या राहिलो.

माणसं इतकी आली की बांधावर जागा उरली नाही. आगऱ्यांच्या गावातून बैलगाडी भरून बायका आल्या होत्या. पहिली पळती, म्हणजे पळायची पाळी, आमची होती. तिघीतिघींच्या दोन तुकड्या बाद झाल्या आणि मग शेवटच्या तुकडीत आगऱ्यांच्या गावातली ती चपळ मुलगी आली. मुलांनी तिच्यावर सगळं पणाला लावलं. ती खांबाला वळसा घालायची, बसलेल्यांच्या मधून निसटायची, पाठलाग करणारा पुढे झेपावला की ती त्याच्या मागे असायची. लोक उभे राहिले होते. तेवढ्यात बांधावरून एक नाणं तिच्या पायाशी येऊन पडलं आणि कुणीतरी शीळ घातली. टोपीवाला एक तरुण गृहस्थ होता, कुणाकडे तरी पाहुणा आलेला.

बाईंनी हात वर केला. पंच म्हणून उभ्या असलेल्या चित्रकलेच्या सरांनी शिट्टी वाजवली, खेळ थांबला. बाई मैदानात गेल्या, वाकून नाणं उचललं, पदराने पुसलं आणि सरळ त्या माणसाकडे चालत गेल्या. 

"आपलं नाणं पडलं वाटतं," त्या म्हणाल्या आणि ते त्याच्या हातावर ठेवलं. "देणगीची पेटी तिकडे टेबलावर आहे."

तो लाल झाला. पण बाईंनी त्याला वाट ठेवली होती, आणि तो त्या वाटेने गेला. सगळ्यांसमोर टेबलापाशी जाऊन त्याने ते नाणं पेटीत टाकलं, आणि वर एक रुपयाची नोटही टाकली. त्याच्या मागोमाग माझी नजर टेबलाकडे गेली. तिकिटांसाठी बसवलेला शिपाई सामना बघायला केव्हाच निघून गेला होता, आणि त्याच्या खुर्चीवर कचेरीचा काळा कोट घातलेले माझे वडील बसले होते. ते त्या माणसाला पावती लिहून देत होते. ते आलेत हेच मला माहीत नव्हतं. नंतर आईकडून कळलं की ते सगळ्यांच्या आधी आले होते, आणि फुकट घुसणाऱ्या दोन ओळखीच्या गृहस्थांना त्यांनी "तिकीट घेतलंत का?" म्हणून अडवलं होतं.

खेळ पुन्हा सुरू झाला, आणि पाळी संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा ती मुलगी अजून पळत होती. मुलांना ती सापडली नाही ती नाहीच. सामना आम्ही एका गड्याने हरलो. मुलांच्या कप्तानाने दुसऱ्या दिवशी शाळेबाहेरच्या सूचनाफळ्यावर कोणी तरी लिहिलेली आमची टिंगल स्वतः पुसून टाकली.

नाशिकला आम्ही गेलो. एका शाळेच्या पडवीत राहिलो, बाई आणि राखीव मुली चुलीवर भात रांधायच्या. दोन सामने जिंकलो. तिसरा हरलो, आणि तो नीट हरलो. समोरच्या मुली आमच्यापेक्षा चांगल्या होत्या. चषक मिळाला नाही. पण आम्ही दुसऱ्या कुणाच्या नावाखाली खेळलो नव्हतो, आणि आमच्यातली एकही घरी राहिली नव्हती. परतीच्या गाडीत कसाऱ्याचा घाट उतरताना आम्ही बाराजणी गात होतो आणि बाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, कारण कोणी बेसूर झालं की त्यांची भुवई हलायची.

आल्यावर चार दिवस आम्ही पुन्हा घरोघर फिरलो, फक्त काय झालं ते सांगायला. हरलो हेही सांगायचं, आणि कसं हरलो तेही. लोक नुसतं ऐकून घ्यायचे नाहीत, प्रश्न विचारायचे. एका आजोबांनी तर पाटीवर आकृती काढायला लावून आमची चूक कुठे झाली ते दाखवलं. गाव आमच्यामागे उभं राहतं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आंबिवलीकडच्या चार मुली बाईंना भेटायला आल्या. त्यांनाही संघ काढायचा होता, आणि पैसे कसे उभे करायचे ते विचारायचं होतं. बाई शिवणाच्या वर्गात गुंतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या कप्तानाला विचारा, तिला सगळं येतं." मी त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि तासभर बोलले. चौघी माझ्याकडे इतक्या लक्ष देऊन पाहत होत्या की मी अधूनमधून बाईंच्याच आवाजात बोलते आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. निघताना त्यांच्यातल्या धाकटीने पिशवीतून कोरं पावतीपुस्तक काढलं आणि ते उघडून माझ्यासमोर उभी राहिली. माझ्याकडे खाऊचे दोन आणे होते, ते मी दिले. तिने जमिनीवर बसून, जीभ बाहेर काढून, पहिली पावती लिहिली. माझं आडनाव तिने चुकीचं लिहिलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. पावती दोन्ही हातांनी घेतली आणि तिला नमस्कार केला.